कुंडीपाड्याची पहिली हाक

सातपुड्यात कुंडीपाड्याच्या वरच्या अंगाला डोंगराची एक बाजू उघडी पडली आहे. तिथे गवत धरत नाही. पाहुण्यांना पाड्यातल्या भुरीबाई ही गोष्ट उभ्यानेच सांगतात. त्या उतारावर कुणी बसत नाही.

पूर्वी पाडा याच उताराखाली होता म्हणे. एका सकाळी सायकी म्हातारीने झऱ्यावर हंडा भरला, तर तळाशी लाल माती बसली. पावसाने उघडीप दिली होती, तरी पाणी गढूळ. झरा माती ओकू लागला की डोंगर सुटून खाली येतो, हे तिला आईने शिकवलं होतं.

पण तिचं ऐकणार कोण? पाड्यातल्या वेस्तीचं तान्हं पोर तापाने गेलं, तेव्हा औषधाचा पाला सायकीनेच वाटून दिला होता. पंचांनी तिला डाकीण ठरवलं. तिच्या हाकेला ओ दिली की घरातलं माणूस जातं, असं बजावलं. घरं टेकाडाटेकाडांवर विखुरलेली. निरोप हाकेनेच जायचा. ऐकणाऱ्याने ओ द्यायची, हाक पुढे न्यायची. ओ नाही, तर हाक तिथेच मेली.

ती कारभारी दित्याकडे गेली. त्याने दार अर्धंच उघडलं.

"काकी, तू गेलीस की झरा आपोआप निवळेल."

"जाते की. तू पोरं घेऊन पुढे हो, मी मागून येते."

दार लागलं.

मग ती समोरच्या खडकावर चढली आणि एकेका घराचं नाव घेऊन हाका मारू लागली. चुलींचा धूर दिसत होता. बाया पोरांचे कान झाकून त्यांना आत नेत होत्या. दुपार कलली, आवाज घोगरा झाला, वरून खडे घरंगळू लागले. एकटीनेच निघून जावं, असंही तिच्या मनात आलं, असं सांगतात. शेवटी तिने टाळलेलं नाव घेतलं. वेस्तीचं.

वेस्तीने ती हाक पुढे नेली म्हणून अर्धा पाडा वाचला. अर्धा या दगडांखाली आहे.

आजही इथे पंच बसले की आधी सर्वांत वयस्क बाई हाक देते. तिला याहा म्हणतात, म्हणजे आई. ओ येईपर्यंत पंच तोंड उघडत नाहीत, आणि ओ द्यायचा मान मूल गमावलेल्या बाईचा. तशी बाई पाड्यात कधी कमी पडली नाही, असं भुरीबाई सांगतात.

त्या दिवशी वेस्ती अंगणात आली. खडकाकडे तोंड करून उभी राहिली.

"ओ, याहा," ती म्हणाली. "कुणीकडे निघू?"