सातवी जागा

“…पण कॅल्शियम बरोबर, क्षार बरोबर, तापमान अर्ध्या अंशानंसुद्धा हललेलं नाही. मग हा का मरतोय, चाचा?”

शार्दूल इंगवलेनं वही पुढे धरली. कोल्हापूरहून घाट उतरून आलेली वही. आठ महिन्यांचे आकडे, रोज दोनदा, लाल आणि निळ्या शाईत.

हमीदचाचांनी वही घेतली नाही. ते थर्माकोलच्या पेटीवर वाकले होते. पेटीत खारं पाणी, पाण्यात तळहाताएवढा शिंपला. त्याच्या दोन शिंपांमधून एरवी निळी मखमली झालर बाहेर पसरलेली असायची. आता ती आत ओढली गेली होती, आणि शिंपा मात्र आ वासून उघड्या.

चाचांनी तीस वर्षं एका प्रयोगशाळेतल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळल्या होत्या. आता बंदराकाठच्या या घरात, पडवीला, एकच टाकी उरली होती. घरी समुद्र पाळणारी माणसं त्यांना उस्ताद म्हणत. चाचांना ते कुणी विचारलं नव्हतं.

टाकीची समोरची काच शेवाळानं हिरवी झालेली. शार्दूलला क्षणभर वाटलं, पत्ता चुकला.

“रेवती, पायरीवर नको बसूस. ऊन आहे.”

पौषातली सकाळ होती. त्याची बायको उठली, बाकावर बसली.

“तिथेही नको. चाचांच्या पाठीमागे होतेस.”

ती पुन्हा उठली आणि खांबाला टेकून उभी राहिली. लग्नाला चार महिने झाले होते.

“घरी कुठे असतो हा?” चाचांनी विचारलं.

“समोरच. काचेला लागून. सोफ्यावरून अगदी डोळ्यासमोर येतो.”

“त्याच्याआधी?”

“वर, दिव्याखाली. पण तिथे उजेड जास्त वाटला.”

“त्याच्याआधी?”

“डाव्या कोपऱ्यात. तिथे प्रवाह कमी पडत होता. म्हणजे… हलवला असेल तीन-चारदा. पण प्रत्येक वेळी कारण होतं, चाचा. वहीत आहे सगळं.”

चाचांनी खांबाकडे बघितलं.

“मी आल्यापासून सहा जागा झाल्या,” रेवती म्हणाली. मग थोडं थांबून, “सोफ्याच्या निराळ्या.”

चाचा खोकले. हसले असतील कदाचित.

शार्दूल हसला नाही. “अगं, त्याच्या भल्यासाठीच ना! लोक तर वर्षानुवर्षं बघतसुद्धा नाहीत टँककडे…” बोलता बोलता त्याची नजर हिरव्या काचेकडे गेली, आणि तो थांबला.

चाचांनी पेटीत हात घातला. शिंपला अलगद उचलून पाण्यातच आडवा केला. दोन शिंपांच्या सांध्यापाशी त्याचा पाय असतो. त्या पायातून धागे काढून शिंपला दगडाला धरून राहतो. चाचांनी बराच वेळ तिथे बघितलं.

“दगडावरून कसा सुटला?”

“आपोआप,” शार्दूल म्हणाला.

रेवती पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची वाळू सारत होती. ती सारायची थांबली.

“आपोआप सुटला,” शार्दूल पुन्हा म्हणाला. जरा मोठ्यानं.

चाचा वाटीनं टाकीतलं पाणी थोडं थोडं पेटीत सोडत राहिले. शिंपल्याला नवं पाणी कळायला तासभर लागतो. तो तास त्यांनी जाऊ दिला. शार्दूलनं त्या तासात वहीतले तीन महिने वाचून दाखवले. मग आपणच वही मिटली.

“बाही वर करा.”

“मी?”

“तुमचाच आहे ना?”

टाकीच्या मागच्या अंगाला, काचेतून धड दिसणारही नाही असा एक खडबडीत दगड होता. त्याला खळगा होता. शार्दूलनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि शिंपला खळग्यात उभा धरला.

“असा?”

“असाच. दाबू नका. कलंडू देऊ नका. आणि तुमची सावली बाजूला घ्या.”

सावली बाजूला घ्यायची तर कंबरेत वाकडं उभं राहायला लागत होतं. शार्दूल वाकडा उभा राहिला.

“किती वेळ?”

“चहा होईपर्यंत.”

चाचांनी स्टोव्ह पेटवला. आधण ठेवलं. आलं शोधायला लागले.

शार्दूलच्या खिशात फोन वाजला. थांबला. परत वाजला. टँकवाल्यांच्या क्लबातून असणार. उस्तादांनी काय सांगितलं, ते सगळ्यांना ऐकायचं होतं. रेवती आली, त्याच्या खिशातून फोन काढून बंद केला, आणि गेली. ती कुठे गेली ते त्याला मान वळवून बघता येईना.

पाणी गार होतं. बोटांत शिंपला हलत नव्हता.

“उस्ताद…”

“हं.”

“आपोआप नाही सुटला.”

चाचा आलं ठेचत होते. ठेचत राहिले.

“रविवारी क्लबची माणसं यायची होती. त्यांना झालर समोरून दिसावी म्हणून… सुटेना. मग ओढला.”

“आवाज झाला?”



झाला होता. कापड टरकावं तसा, पण बारीक. त्याच वेळी रेवती पोह्यांची ताटली घेऊन दारात आली होती. “काय फाटलं?” तिनं विचारलं होतं. “कुठे काय?” तो म्हणाला होता. आणि पाहुण्यांसमोर, हात पुसत, “हिला ना, नसते आवाज ऐकू येतात.” सगळे हसले होते. तीही हसली होती, कारण सगळे हसत होते.

“झाला,” तो म्हणाला. “हिनं ऐकला. मी हिलाच खोटं पाडलं.”

पडवीत स्टोव्हचा तेवढा आवाज. पाठीमागे रेवती आहे की नाही, तेही कळेना. कान तापले होते, आणि एक हात पाण्यात, दुसरा काचेवर टेकलेला. तोंड लपवायलासुद्धा हात मोकळा नव्हता.

“जगेल का?”

“पाय फाटलाय. मुळासकट गेला नसला तर परत धागे काढतो.”

“कधी?”

“उद्या. परवा. नाहीतर नाही.”

“मी काय करू?”

चाचांनी चहा गाळला. तीन कप. मग टाकीपाशी येऊन पाण्यात डोकावले.

“हात काढा. हळू.”

शार्दूलनं एकेक बोट सोडवलं. शिंपला किंचित डुगडुगला. खळग्याच्या कडेला रेलला… आणि राहिला. झालर आतच होती. चाचांनी दगड हलवला नाही, काच पुसली नाही. काही केलं नाही.

हात निथळत शार्दूल वळला. रेवती मघाच्याच पायरीवर बसली होती. पाय उन्हात सोडलेले. कप तिच्या हातात होता आणि ती बंदराकडे बघत होती.

तिच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं. त्याला एवढंच सुचलं.

“रेवती, तिथे कशाला? इकडे ये ना, इथून नीट दिसतो.”

तिनं कप खाली ठेवला. उठायला गुडघ्यावर हात टेकला.

“राहू दे तिला,” हमीदचाचा टाकीवरून नजर न काढता म्हणाले. “आत्ता कुठे बसलीय.”