मेल्यावर बोलायचं नसतं

"पण हे असं आईला म्हणायचं असतं का?"

मी दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा गिरीबाबा सुईत दोरा ओवत होते. आता ओवून झाला होता.

"काय म्हणाली?"

"आत्ता सांगितलं ना, बाबा. म्हणाली, 'आई, तू मेली होतीस. मेल्यावर बोलायचं नसतं.'"

"हं."

"तेरा वर्षांची मुलगी! जन्म दिलेल्या आईला!"

बाबांनी गोधडीचा कोपरा गुडघ्यावर ओढून घेतला आणि एक टाका घातला...

भोरच्या पुढे घाट चढायचा, मग शहाऐंशी पायऱ्या, तेव्हा कुठे ही मठी येते. माझी आई वर्षानुवर्षं इथे यायची; आता तिला पायऱ्या झेपत नाहीत. मी नाही. मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलंय आणि भिंगाखाली दिसेल तेवढ्यावर विश्वास ठेवते. पण माझी मुलगी नऊ दिवस माझ्याशी बोललेली नाही, आणि त्यासाठीचं भिंग अजून कुणी काढलेलं नाही.

अन्विता बाहेर पायरीवर बसली होती. आमच्याकडे पाठ करून.

नऊ दिवसांत मला तिच्याकडून तीन शब्द मिळाले होते. हो, नाही आणि ठेव. ठेव म्हणजे ताट.

"मेली होतीस म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"खेळात हो. बंदुकांचा खेळ आहे एक. मोबाइलवर चालतो, कॉम्प्युटरवर चालतो, कशावरही चालतो. फुकट मिळतो. फुकट! म्हणून तर घरोघरी शिरलाय. पाच जण इकडचे, पाच जण तिकडचे, एकमेकांना मारायचं. संपलं. आणि ह्याला म्हणे डोकं लागतं."

"लागतं का?"

"मला काय माहीत? मी दहाव्या सेकंदाला मेलेली असते."

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली.

"तू खेळतेस?"

जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"खेळत नाही. खेळले. एकदा. मुलांच्या जगात शिरा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं ना... पुस्तकांत, पालकसभेत. शिरले. खेळातल्या तिच्या पाच जणांच्या तुकडीतला एक मुलगा त्या दिवशी आला नव्हता. मी म्हटलं, मी येते. ती तिच्या खोलीत कॉम्प्युटरवर, मी स्वयंपाकघरात मोबाइलवर. कुकर लावलेला. बाकीचे तिघं तिच्या वर्गातले, आपापल्या घरी. सगळ्यांच्या कानाला हेडफोन, सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येतं."

"मग?"

"मग काय. सहा डाव मी लगेच मेले. मेलं की तो डाव संपेपर्यंत आपण बाहेर. सातव्या डावात मी मेले, ते तिघंही मेले, आणि ही एकटी उरली. समोर दोघं. माझी एकुलती एक मुलगी, बाबा, दोन बंदूकवाल्यांपुढे एकटी! आणि मी गप्प बसायचं?"

"खोट्या बंदुका?"

"खोट्याच. पण त्या वेळी कळतं का ते?"

"काय बोललीस?"

"कुठलीही आई बोलेल तेच. मागे बघ. डावीकडे कुणीतरी आहे. त्या पिंपाआड लप. पळ. पळू नकोस. खाली बस, अगं खाली बस!"

"डावीकडे कुणी होतं?"

"...नव्हतं."

बाबांनी आणखी एक टाका घातला. तो वाकडा आला. उसवला. पुन्हा घातला.

मला त्या टाक्याचाही राग आला. माणूस घाट चढून आपलं घर मोडल्याचं सांगतोय, आणि हे गोधडी शिवताहेत.

"ती मेली," मी म्हणाले. "सामनाच गेला. तिनं हेडफोन काढला, स्वयंपाकघरात आली, आणि ते वाक्य माझ्या तोंडावर टाकलं. मग मी काय करायला हवं होतं? टाळ्या? मी तिच्या खोलीत गेले आणि तो खेळच काढून टाकला. तिच्यासमोर."

"तेव्हा काय म्हणाली?"

"काही नाही. तेव्हापासूनच काही नाही."

बाहेर वानराचं पिल्लू पायरीवर आलं होतं. अन्विता त्याच्याशी काहीतरी हळू आवाजात बोलत होती. वानराशी.

"तुम्ही तिला आत बोलवा," मी म्हणाले. "तुमच्या पायावर हात ठेवून शपथ घ्यायला लावा. पुन्हा हा खेळ खेळणार नाही, आणि आईशी नीट बोलेन. दोन्ही."

"एकाच शपथेत?"

"हो, एकाच. दोन शपथांसाठी दोनदा नाही चढवत मला तुमच्या पायऱ्या."

बाबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. दोरा ओढत राहिले...

"तुम्ही काही बोलत का नाही?"

"ऐकतोय."

"माझं सांगून संपलं, बाबा."

"हं." मग थोड्या वेळानं, "मेल्यावर तू कुठे जातेस?"

"कुठे म्हणजे? कुठेच नाही. स्वयंपाकघरातच असते."

"खेळात."

"खेळात काय... आपण पडलेलो असतो. मग पडद्यावर आपल्यातला जो जिवंत असेल त्याचं दिसायला लागतं."

"त्याचं काय?"

"तो बघेल ते. त्यानं मान वळवली की आपल्यालाही तिकडचं दिसतं. हात त्याचे, चाल त्याची, डोळे त्याचे. आपण फक्त बघायचं. काही करता येत नाही."

सुई थांबली.

"ती एकटी उरली होती, म्हणालीस."

"हो."

"म्हणजे तुला तिच्या डोळ्यांनी दिसत होतं."

"हो. म्हणजे... खेळात हो, बाबा."

त्यांनी सुई गोधडीत खोचली. गोधडी गुडघ्यावरून काढून बाजूला ठेवली. एखादं लहान मूल पाहुण्याच्या पिशवीकडे बघतं तसे ते माझ्याकडे बघत होते.

"लेकीच्या डोळ्यांनी," ते म्हणाले. "किती वेळ?"

"असेल अर्धं मिनिट."

"अर्धं मिनिट! काय दिसलं?"

मी तोंड उघडलं.

भिंत होती. बहुतेक पिवळी. दार असावं. पिंप होतं, ते मीच ओरडून सांगितलं होतं म्हणून आठवत होतं...

माझा एकेक शब्द मला आठवत होता. काय दिसलं ते आठवेना.

"मला बोलावं लागत होतं," मी म्हणाले.

 बाबांनी दाराकडे तोंड करून हाक मारली.

"पोरी, आत ये."

अन्विता दारात आली.

"आजोबा, पाय धुऊन येऊ का? माती लागलीय."

एवढं मोठं वाक्य! नऊ दिवसांनी. आणि ते माझ्या वाट्याला नाही, एका अनोळखी म्हाताऱ्याच्या वाट्याला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला संताप आला.

"राहू दे. बस. तू एकटी उरलीस तेव्हा काय करत होतीस?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. सगळं इथवर पोचलंय हे तिला कळलं.

"ऐकत होते," ती म्हणाली.

"काय?"

"पावलं. ते दोघं होते ना. एक जिन्यावर होता, जपून येत होता. दुसरा पत्र्यावरून येत होता. त्याला घाई होती. घाईवाला आधी येणार, हे मला कळलं होतं. त्याला टिपलं असतं की जिन्यावरचा घाबरला असता आणि धावत आला असता. मग तोही कळला असता."

"मग?"

"मग हिचा आवाज आला."

"आणि पावलं?"

"गेली."

"बाकीचे तिघं?"

"ते गप्प होते. मेल्यावर सगळे गप्पच बसतात, आजोबा. त्यांना दिसत असतं, सुचत असतं, तरी कुणी बोलत नाही. जो उरलाय त्याला ऐकू यावं म्हणून."

"कुणाचा नियम?"

"कुणाचाच नाही. लिहिलेला नाहीये कुठे. तसंच करतात सगळे."

"लिहिलेला नाही ना!" मी म्हणाले. "मग मला कसा कळणार? आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं होतं. तू कुकरच्या शिट्ट्या मोजत होतीस."

"शिट्ट्या कुणीतरी मोजायलाच लागतात, अनू! भात तू खातेस."

"मी कुठे नाही म्हटलं?"

"आणि आईला 'तू मेलीस' म्हणायचं?"

"मेलीच होतीस की."

"ऐका, बाबा! ऐका!" मी त्यांच्याकडे वळले. "दर वेळी पहिली मीच कशी मरते, हे कुणी विचारत नाही. ही सगळी मुलं तयारीची, ह्यांच्याकडे चांगल्या बंदुका. आणि नवीन माणसाला काहीतरी जडशीळ धूड देऊन पुढे ढकललं की झालं!"

अन्विता खाली बघत होती.

"सगळ्यात चांगली तुझ्याकडे होती," ती म्हणाली.

"काय?"

"ती एकच होती आमच्यात. ती माझी होती. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला मी ती तुझ्यापुढे टाकत होते. तू उचलायचीस."

"...मला वाटलं, ती तिथे असतेच."

"नसते."

"मग तुझ्याकडे काय होतं?"

"पिस्तूल."

"सातही डाव?"

"हो."

"आणि ते दोघं आले तेव्हा...?"

"तेव्हाही."

बाहेर वानर पत्र्यावर उडी मारून गेलं. कुणी तिकडे बघितलं नाही.

"मग मला सांगायचं नाही का?" माझा आवाज चढलाच. "एवढी मोठी गोष्ट, सांगायची नाही?"

"तू म्हणालीस, ही जड आहे, दुसरी नाही का."

मी म्हणाले होते. आत्ता सांगताना 'जडशीळ धूड' असंही म्हणून झालं होतं.

राग अजून होताच. पण तो कुणावर काढायचा हे मला नीट सुचेना. म्हणून बाबांवर काढला.

"तुम्ही नुसतं काय बघताय? शपथेचं काय झालं?"

बाबांनी अन्विताकडे पाहिलं. "तुझ्या आईला शपथ हवी आहे."

"कसली?"

"तू खेळणार नाहीस अशी. आणि तिच्याशी बोलशील अशी."

तिनं क्षणभर विचार केला.

"बोलतेय की."

"माझ्याशी नाही," मी म्हणाले. "ह्यांच्याशी!"

"कुकरचं तुझ्याशीच बोलले. बंदुकीचं पण."

...

बरोबर होतं. मी भांडण्यात इतकी गुंतले होते की ती बोलतेय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आजोबा, मी जाऊ? ते पिल्लू माझी चप्पल नेईल."

"जा."

ती गेली. जाताना माझ्या खांद्याला तिचा हात लागला. मुद्दाम लावला की दार अरुंद होतं म्हणून लागला, ते मी ठरवू शकले नाही. अजूनही ठरवलेलं नाही.

बाबांनी गोधडी पुन्हा गुडघ्यावर घेतली.

"बाबा, मला हे पटलेलं नाही," मी म्हणाले. "स्पष्ट सांगते. ती एकटी पडलेली मला दिसतेय आणि मी तोंड मिटून बसायचं, हे मला खोट्या बंदुकांतही पटत नाही. उद्या खऱ्यात असंच झालं तर? तेव्हाही पावलं ऐकत बस म्हणू? दोघं येताहेत, घाईवाला आधी येईल, शांतपणे बघ... असं? कुठली आई करेल हे?"

"पटवून घे असं मी कुठे म्हटलं?"

"तुम्ही काहीच म्हणत नाही! तोच तर राग आहे. माझी आई तुमचं एवढं सांगायची. मला वाटलं, काहीतरी सांगाल."

एक टाका. दुसरा टाका.

"खेळ परत बसवू का तिच्या कॉम्प्युटरवर?"

"ते मला येत नाही."

"तुम्ही बसवा म्हणत नाहीये हो!"

तिसरा टाका.

मी पर्स उचलली. उठले. बाहेर अन्विता वानराच्या मागे दोन पायऱ्या उतरली होती. 'पडशील' हा शब्द माझ्या तोंडात आलाच होता...

ती पडली नाही. चप्पल घेऊन वर आली.

मी पुन्हा आत वळले.

"आणि समजा," मी म्हणाले, "समजा हं, परत बसवला. आणि त्यांचा तो मुलगा पुन्हा आला नाही. आणि ही म्हणाली, आई, येतेस का. म्हणणार नाही म्हणा, पण समजा म्हणाली... आणि मी गेले तिच्या तुकडीत. तर मी काय करायचं? एवढं तरी सांगाल का?"

बाबांनी मला जवळ ये अशी खूण केली.

मी वाकले. श्रद्धेनं नव्हे. आई विचारेल, नमस्कार केलास का, म्हणून. दर वर्षी ती वाकायची आणि हे म्हणायचे, शंभर वर्षं जग. मलाही तेच मिळणार, घ्यायचं आणि गाडी गाठायची.

त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. हलका होता, आणि बराच वेळ तिथेच राहिला...

"लवकर मर," बाबा म्हणाले.