बुळूची साखरेची टोपी

रेवूच्या गालात एक घर होतं. इतकं इवलं, की डोळ्यांना दिसायचंच नाही! त्या घराचं नाव पेशी. पेशीत राहायचा बुळू.

बुळूच्या डोक्यावर साखरेची टोपी. टोपी घातली की बुळू गुळगुळीत. लाळेतून सुळकन जायचा, रेवूचा घास उतरायचा.

एकदा रेवूनं राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. कोरडा ठक्क! तोंडात नुसता फिरतोय. बुळू धावला. धप्पकन पडला. टोपीचा झाला भुगा!

टोप्या मिळायच्या पेशीतल्याच गॉल्जीघरात. पुऱ्यांच्या चवडीसारखं घर. दारात लांबहाती काकू. येईल त्याला हातानं आत ओढायची.

बुळू निघाला. बुळुक बुळुक, बुळुक बुळुक.

"काकू, काकू, हात दे!
मला टोपी मिळेना,
लाडू काही उतरेना!"

काकू म्हणाली, "आधी कळदादानं कळ दाबू दे. त्याशिवाय हात हलत नाही माझा."

झालं! बुळू निघाला. बुळुक बुळुक, बुळुक बुळुक.

"दादा, दादा, कळ दाब!
काकू हात देईना,
मला टोपी मिळेना,
लाडू काही उतरेना!"

दादानं जांभई दिली. "आधी चूलमावशीनं चूल पेटवू दे. गारठलोय मी."

शी बाई, काय हे! बुळू निघाला. बुळुक बुळुक, बुळुक बुळुक.

"मावशी, मावशी, चूल पेटव!
दादा कळ दाबेना,
काकू हात देईना,
मला टोपी मिळेना,
लाडू काही उतरेना!"

मावशी म्हणाली, "पेटवते की! आधी लाडू उतरू दे. चुलीत घालू काय?"

बुळूनं फतकल मारली. रडूच आलं त्याला.

"अगं मावशी! लाडू उतरेना म्हणून तर आलोय ना मी! तिकडे रेवूचं तोंड सुकलंय!"

"अगं बाई, खरंच की!" मावशीनं डबे शोधले. खुडबुड, खुडबुड. सकाळच्या पेजेचा एक कण सापडला.

भक्! चूल पेटली.
खट्! दादानं कळ दाबली.
सर्र! काकूनं हात दिला.
टप्! बुळूला टोपी मिळाली.
सुळकन! बुळू लाळेत गेला.
गट्टम! लाडू उतरला.

हुश्श!

तेवढ्यात रेवू ओरडली, "आई, अजून एक!"

पेशीत बुळूची धाकटी बहीण उभी राहिली. तिलाही टोपी हवी होती. भीत भीत ती मावशीकडे पाहू लागली.

मावशी म्हणाली, "बघतेस काय? चूल पेटलेलीच आहे. पळ!"