आडवी कुंडी

विषय : अनुग्रह मिळण्याबाबत.

संदर्भ : श्री. दत्ताराम किणीकर, निवृत्त अव्वल कारकून, मुक्काम पाचगणी, यांनी निळूबुवांकडे दिवाळीत केलेला विनंतीअर्ज.

"बुवा, ही कुंडी रोज आडवी कोण करतं?"

निळूबुवा मठीच्या ओसरीवर ऊन खात बसले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

किणीकर समोर उभे. डोक्याला कानटोपी, हातात झारी, चेहऱ्यावर चौकशी.

उभा जन्म त्यांनी लोकांच्या अर्जांवर शेरे मारले होते. स्वतः अर्ज करायची वेळ प्रथमच आली होती. मला अनुग्रह द्या, शिष्य करून घ्या, एवढंच मागणं. बुवांनी तो कागद न वाचता अंगणातल्या एका कुंडीकडे बोट दाखवलं होतं.

"ही अननस लिली पुन्हा फुलली, की बघू. तोवर हिच्याकडे लक्ष असू द्या."

अननस लिलीला अननस लागत नाहीत. दांड्याला फुलं येतात आणि वर पानांचा तुरा उभा राहतो, म्हणून हे नाव. पण किणीकरांच्या ताब्यात ती आली आणि तिची पानं पिवळी पडली. मग लोळली. मार्गशीर्षात कुंडीत नुसती माती उरली.

फूल नाही, तर अनुग्रह नाही.

ते रोज सकाळी येऊन पाणी घालू लागले. रोज कुंडी बाकाखाली आडवी पडलेली असे. ते ती उभी करीत, माती थोपटीत, पुन्हा पाणी घालीत. दुसऱ्या दिवशी कुंडी आडवी.

"आधी मला माकडांचा संशय होता," ते म्हणाले. "आता माणसांचा आहे."

"माकड असतं तर कुंडी सोडून तुमचा चष्मा नेला असता, भाऊसाहेब," मठीचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या मथूआक्का आतून म्हणाल्या.

बुवांनी डोळे उघडले.

"कुंडी मी आडवी करतो."

"तुम्ही?"

"रोज. तुम्ही गेलात की."

"का?"

"तुम्ही उभी करता म्हणून."

किणीकर गोंधळले. कचेरीत वरच्या साहेबानं आदेश फिरवला, तरी निदान कारण कळे. कधीकधी ते खरंही असे.

"पण तुम्हीच म्हणालात, लक्ष असू द्या."

"म्हणालो."

"मग पाण्यावाचून मरेल की ती…"

बुवा उठले. त्यांनी कुंडी उचलून ओट्यावर उपडी केली. माती कसली, चिखलच पडला. त्यातून त्यांनी लिलीचा मुठीएवढा कांदा काढला आणि किणीकरांच्या तळहातावर ठेवला.

"दाबा."

एका बाजूनं कांदा बटाट्यासारखा घट्ट लागला. दुसऱ्या बाजूनं बोट आत गेलं. किणीकरांनी ते नाकाशी नेलं, आणि नेलं नसतं तर बरं, असं त्यांना वाटलं.

"मेली?"

"झोपली होती. थंडीभर झोपते ही. आडव्या कुंडीत पाणी ठरत नाही, म्हणून आडवी. तुम्ही रोज तिच्या तोंडावर पाणी मारलंत."

"पण मला कसं कळावं, झोपली की मेली? वरून दोन्ही सारखंच दिसतं, बुवा."

बुवांनी चाकूनं कुजका भाग कापून टाकला. जखमेवर चुलीतली राख चोळली. कांदा उन्हात ठेवला, सुकला तेव्हा कोरड्या मातीत पुरला आणि कुंडी बाकाखाली आडवी सरकवली. एवढा वेळ किणीकर झारी धरून उभेच होते. ती खाली ठेवावी की नाही, हेही त्यांना ठरवता येईना.

"वाचेल?"

बुवा हाताची माती झटकत राहिले.

"आणि नाही वाचली तर… माझ्या अर्जाचं काय?"

किणीकरांचा आवाज खाली आला. "बुवा, काहीतरी सेवा सांगा. मला नुसतं बसणं जमायचं नाही. कचेरीतसुद्धा मी कधी नुसता बसलो नाही."

आतून मथूआक्कांना ठसका लागला.

"या की रोज," बुवा म्हणाले. "झारी घेऊन यायचं. कुंडीसमोर उभं राहायचं. आणि घरी जायचं."

"पाणी?"

"घालायचं नाही."

किणीकरांनी हे मनात उलटंसुलटं करून पाहिलं. कुठूनच धरता येईना. शेवटी एक मुद्दा तेवढा हाती लागला, आणि त्यांना जरा धीर आला.

"म्हणजे झारी रिकामी आणली तरी चालेल."

"छे," बुवा म्हणाले. "काठोकाठ भरून आणा."

किणीकर रोज येतात. अर्ज प्रलंबित आहे.