खालच्या आळीचं पाणी

डोंगराच्या उतारावर एक गाव होतं आणि त्या गावच्या खालच्या आळीत एक कुंभारीण राहायची. साऱ्या गावाचे माठ तीच घडवायची. उन्हाळ्यात तिचा स्वतःचा माठ मात्र कोरडा असायचा.

गावाला झरा एकच, तोही माथ्यावर. त्याचं पाणी पाटानं आधी वरच्या आळीत जायचं, उरलं तर खाली यायचं. गाव म्हणायचं, "जो आधी उठेल त्याला पाणी. खालचे लोळत पडतात." खालच्यांनाही हे लहानपणापासून पाठ होतं.

एका वर्षी पाणी फारच आटलं. माती भिजवायला थेंब नाही म्हणून कुंभारणीचं चाक थांबलं. असंच चाललं तर गाव सोडावं लागणार होतं. मग ती आठ दिवस कोंबडं आरवायच्या आधी उठून पाटाशी बसली. पाणी आलं नाही. नवव्या दिवशी ती पाटाच्या कडेकडेनं वर चढली. वरची आळी साखरझोपेत होती आणि पाणी आपसूक त्यांच्या केळीत शिरत होतं.

तिनं गाव गोळा केलं आणि पाहिलं ते सांगितलं. एक दिवसाआड वरच्यांनी केळीकडचा पाट बुजवावा आणि पाणी खाली जाऊ द्यावं, एवढंच तिचं मागणं.

गावच्या रिवाजाप्रमाणे माठात खडे टाकायचे होते, हवं तर पांढरा, नको तर काळा. वर दहा घरं, खाली चाळीस. वरचे काही बोललेसुद्धा नाहीत. त्यांना गरजच पडली नाही.

माठ उपडा केला. पांढरा खडा एकच निघाला.

कुंभारणीनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हीपण?"

"अगं, आपलेही दिवस येतील," तो म्हणाला. "उद्या वर घर बांधलं, तर आपलं पाणी या आळशांना सोडायचं का?"

शेजारीण म्हणाली, "तू उशिराच उठली असशील, बाई."

महिन्याभरात त्यांनी गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादलं. ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, "कष्टाचा कंटाळा, दुसरं काय." त्याच्याही घरात पाणी नव्हतं.

वळणावर लेकीनं विचारलं, "आई, आपण आळशी होतो का गं?"

कुंभारीण नाही म्हणणार, तोच पुढून बाप म्हणाला, "हो बाळा. नव्या गावात लवकर उठायचं हं."

कुंभारणीला रडू आवरेना.

तात्पर्य इतकंच: आपली तहान हा आपलाच दोष आहे, असं ज्यांना पटलं, त्यांचं पाणी तोडायला कुणाला बांधही घालावा लागत नाही.