कोंडवाड्यातला चांदीचा बैल

राजा रत्नसेनाला रोमच्या चांदीच्या नाण्यांचं वेड लागलं, आणि राज्यातल्या बायकांच्या गळ्यातल्या नाण्यांच्या माळांवर गदा आली! नाण्यावर जनावर हवं, बस्स! हत्ती, रानडुक्कर, लांडगीण... पेट्यांवर पेट्या भरल्या. विकत घेणं जिवावर आलं, तेव्हा प्रधानाने जुना कायदा उकरून काढला: मोकाट जनावर सरकारी कोंडवाड्यात जमा! मग ते नाण्यावरचं का असेना! वेड राजाला, अक्कल प्रधानाला आणि भोग रयतेला.

गवळ्याच्या पोरीच्या, हौसाच्या माळेत बैलाचं एक नाणं होतं. गेलेल्या आईची तेवढीच खूण. शिपायांनी माळ तोडून ते नेलं. पोर रडली नाही, भडकली. तडक दरबारात गेली.

"महाराज, माझा बैल द्या!"

"तुझा?" राजाला गंमत वाटली. त्याने सिंहासनाशेजारची नाण्यांची पेटी उघडली. "जनावर मालकाच्या हाकेला येतं. मार हाक! पेटीतून उठून आला तर ने. नाही आला, तर पुन्हा मागायचं नाही!"

दरबारी खो खो हसले. हौसा पेटीपाशी गेली. "ये रे पवळ्या, ये!"

बैल ढिम्म.

"हरलीस!"

"थांबा की महाराज! आता तुम्ही मारा. तुमच्याकडं आला, तर तुमचा!"

न्याय तो न्याय. राजाने इकडेतिकडे पाहिलं, वाकला आणि पेटीत तोंड घालून पुटपुटला, "ये रे... ये..." हसायची कुणाची छाती होईना.

"बघा, माझाही नाही, तुमचाही नाही! अशा वेळी आम्ही गवळी मांडीवरचा डाग बघतो. ज्याचा डाग, त्याचं जनावर." तिने नाणं उलटवलं. मागे रोमच्या सम्राटाचं लांब नाकाचं मुंडकं! "हा घ्या धनी! तुमच्या साऱ्या पेट्यांत ह्याच्यासारख्यांचेच डाग." मग ती न्यायाधीशांकडे वळली. "शास्त्रीबुवा, दुसऱ्याच्या डागाची जनावरं आपल्या दावणीला बांधणाऱ्याला शिक्षा काय?"

"गाढवावरून धिंड!" शास्त्रीबुवा सवयीने बोलून गेले, आणि त्यांनी जीभ चावली.

राजा घाईघाईने म्हणाला, "अगं पोरी, जनावर कुठलं? नाणं आहे ते, नाणं!"

"नाणं ना? मग कोंडवाड्यात कशाला, महाराज?"

राजाने प्रधानाकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटला. हौसाची माळ नव्या रेशमात ओवून मिळाली, बायकांची नाणी घरोघर परत गेली. वर तिला बक्षीस म्हणून एक दुभती म्हैस मिळाली, आणि तीही प्रधानाच्या गोठ्यातली!