टायरमधली माती

अभयारण्यातल्या डोंगरांतून साठ किलोमीटरची सायकल शर्यत आखायला संग्रामसिंह पाटणकर सायकलवरून नकाशा घेऊन आले, आणि त्यांच्या लाल पेन्सिलीची रेघ नेमकी देवराईच्या मधोमध गेली. राईची राखण करणाऱ्या भागूबाई ढेबेंनी ती रेघ पाहिली. दोनशे सायकली गेल्यावर तिथे राई कसली उरतेय?

"वळसा घाला, साहेब."

"जमणार नाही!" संग्रामसिंहांनी परवानगीचा कागद फडकावला. "ऐका. 'देवराईचे रिवाज पाळून जाण्यास हरकत नाही.' झालं समाधान?"

भागूबाई त्यांच्या सायकलीपाशी उकिडव्या बसल्या.

"टायरात हा चिखल कुठला?"

"कालच्या घाटातला!" साहेब फुलले. "खाचा इतक्या खोल आहेत, की धुतला तरी निघत नाही."

"मग जा खुशाल. रिवाज एकच आहे. राईतलं पान काय, मातीसुद्धा बाहेर न्यायची नाही. आम्ही अनवाणी जातो आणि निघताना हद्दीवर पाय झटकतो. तुम्ही टायर काढून ठेवा."

"दोनशे सायकलींचे?"

"मी बसते की मोजायला."

संग्रामसिंहांनी बराच वेळ नकाशा न्याहाळला. मग खिसे चाचपले.

"मावशी, खोडरबर मिळेल का इथे कुठे?"